बूट की अनवाणी? शाळेच्या मैदानावरच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

सातवीच्या पीटीच्या तासाला आज पुन्हा पाच मुली आणि दोन मुलगे पायऱ्यांवर बसून राहिले. कारण नेहमीचंच, पायात बूट नाहीत. स्पोर्ट्स शूज नसतील तर मैदानावर यायचं नाही, असा आमच्या शाळेचा नियम आहे. मुलांच्या पायाला इजा होऊ नये म्हणूनच तो केलेला आहे, हे मला मान्य आहे. पण सहा वर्षं मी तो पाळते आहे आणि सहा वर्षं ठरावीक घरांतलीच मुलं त्या पायऱ्यांवर बसलेली बघते आहे. कुणाचे वडील नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर जातात, कुणाची आई द्राक्षाच्या बागेत विरळणीला.

वैष्णवी त्यातलीच. शाळा सुटली की ही मुलगी चपला हातात घेते आणि गेटपर्यंत अशी पळत सुटते की वर्गातलं कुणी तिला गाठू शकत नाही. तासाला मात्र ती दप्तर मांडीवर घेऊन बसलेली.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक सरांकडे गेले. सर म्हणाले, "मॅडम, नुसतं वाटतंय म्हणून नियम बदलता येणार नाही. तीन महिने नोंदी ठेवा, मग लेखी द्या." म्हणून ही वही. ठरवायचं ते एवढंच: कोणता व्यायाम बुटात, कोणता अनवाणी, कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या पायांनी.

९ जानेवारी, गुरुवार

आज पाय बघितले. सातवी अ, ३१ मुलं. व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर ओला पाय उमटवून घेतला आणि प्रत्येकाच्या ठशाभोवती खडूनं रेघ मारली. सपाट तळवा कुणाचा, कमान कुणाची उंच, हे मुलांना पहिल्यांदाच कळत होतं. एका पायात २६ हाडं, दोन्ही मिळून ५२, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पायातच, असं सांगितल्यावर सगळे वाकून स्वतःच्या पायाकडे बघायला लागले.

मग बूट. ज्यांच्याकडे होते त्या २४ जणांचे बूट काढायला लावले. ११ जणांच्या बुटांचं माप चुकीचं निघालं. ओंकारच्या पायात मोठ्या भावाचे बूट, पुढे कापडाचे बोळे कोंबलेले, त्यामुळे अंगठ्याचं नख काळं पडलंय. साक्षीचे बूट इतके आखूड की करंगळी खालच्या बाजूला वळली आहे. या दोघांना नियमानं मैदानावर प्रवेश आहे आणि वैष्णवीला नाही.

रात्री ठशांवरून कुणाला कसा बूट हवा याचा तक्ता करायला बसले. दुकानातही असंच सांगतात, सपाट पायाला आधाराचा बूट, उंच कमानीला गुबगुबीत. वाचता वाचता कळलं की अमेरिकेच्या लष्करानं, हवाई दलानं आणि मरीन कोअरनं नव्या भरतीवर हीच पद्धत तपासली होती. निष्कर्ष २००९-१० च्या सुमारास आले. अर्ध्यांना ठशाप्रमाणे बूट दिले, अर्ध्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तक्ता पुसून टाकला. कॅनडातल्या कॅलगरीचे बेनो निग यांनी आयुष्यभर धावण्याच्या बुटांवर काम केलं आणि २०१५ साली त्यांनी मांडलेला मुद्दा साधा आहे: पायाला जो बूट सुखाचा वाटतो तो निवडावा. मुलांना 'सुखाचा वाटतो का' हे कुणी विचारतच नाही. 'अजून एक वर्ष चालेल का' एवढंच विचारतात.

१३ जानेवारी, सोमवार

मैदानाच्या पूर्वेला भिंतीलगत कडुनिंबाची रांग आहे. तिथे ४० मीटर लांब, ३ मीटर रुंद पट्टा आखला. अनवाणी चालायचं, पळायचं ते इथेच. बाकी मैदान कडक मुरमाचं आहे, वरचे बारीक खडे तळव्यात रुततात.

शिपाई मामा, मी आणि आठ मुलं. वरची चार बोटं माती खरवडून वाळूच्या चाळणीतून काढली. रिक्षाच्या जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक सुतळीला बांधून पट्ट्यावरून तीन वेळा ओढलं. निघालं ते लिहून ठेवते: ११ खिळे (त्यातले सहा गंजलेले), बाटलीची बुचं, काचेचे चार तुकडे, एक ब्लेड, आणि सराटे तर मूठभर. सराट्याला कसा ठेवला तरी एक काटा वरच राहतो. लहानपणी आम्ही शेतात चालताना पाय घासत चालायचो ते याच्याच धाकानं.

उद्या संक्रांत. झाडांत मांजा अडकलेला आहे, त्यात बंदी असलेला नायलॉनचाही. तो घोट्याला गुंडाळला तर कापतो. मामांनी आकडीनं जेवढा निघेल तेवढा काढला. पट्टा गुरुवारपर्यंत बंद.

२० जानेवारी, सोमवार

वर्गात पाऊल टाकताच गलका. काल दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही संघांनी, नेपाळला हरवून जिंकला. मुलींची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची, प्रियांका इंगळे. पोरींना आनंद मावत नव्हता.

सायलीनं विचारलं, "मॅडम, त्यांच्या पायात बूट होते. आपण तर खो-खो अनवाणी खेळतो ना?" फार नेमका प्रश्न. मातीवर खो-खो, कबड्डी, कुस्ती अनवाणीच वाढली. माती पायाखाली थोडी सरकते, पायाची बोटं तिच्यात रुततात, वळताना पाय आपोआप सुटतो. विश्वचषक झाला तो मॅटवर, आणि मॅट सरकत नाही. तिच्यावर उघडा तळवा घासला की कातडी सोलते आणि खांबाला वळताना बोट अडकतं. खेळ तोच, जमीन बदलली म्हणून पायातलं बदललं. फळ्यावर मी आज दोन रकाने केले, पण 'बूट' आणि 'अनवाणी' असे नाही. 'माती' आणि 'मॅट' असे.

मग अर्थातच कविता राऊत. आमच्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची मुलगी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य. "ती अनवाणी पळायची ना?" पळायची. पाड्यावर बूट कुठून येणार होते? पदकाच्या शर्यतीत मात्र पायात बूट होते. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचीही गोष्ट सांगितली. १९६० साली रोमला त्यानं मॅरेथॉन अनवाणी जिंकली, सुमारे २ तास १५ मिनिटांत. लोक एवढंच सांगतात. चार वर्षांनी टोकियोला त्यानं ती पुन्हा जिंकली, सुमारे २ तास १२ मिनिटांत, आणि तेव्हा पायात बूट होते. रोमला तो अनवाणी का धावला? मिळालेले बूट पायाला नीट बसेनात, आणि अनवाणी पळायचा सराव त्याला होताच. वैष्णवी यावर काही बोलली नाही, पण वहीत तिनं दोन्ही वेळा लिहून घेतल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

पट्ट्याचे दोन आठवडे झाले. पालकांची लेखी परवानगी २६ जणांची आली. पहिला आठवडा नुसतं चालणं, रोज पाच मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात एका पायावर उभं राहणं, उठाबशा, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या वीसच. आणि एक व्यायाम मी मुद्दाम शिकवते आहे. बोटं न वळवता, टाच न हलवता, अंगठ्याखालचा चवडा टाचेकडे ओढायचा, म्हणजे कमान वर उचलली जाते. दिसायला काहीच नाही, पण पहिल्या दिवशी तो चौघांनाच जमला. बाकीच्यांची बोटं आक्रसत होती किंवा चेहरा आक्रसत होता. आज १७ जणांना जमतो.

पायातले हे बारीक स्नायू बुटात निजून राहतात असं मला वाटायचं. त्याला थोडा आधारही सापडला. यू. बी. राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी १९९२ साली आपल्याच देशातल्या २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले. बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. पुढून बंद असलेल्या बुटांत प्रमाण सगळ्यांत जास्त. बुटामुळेच तसं झालं, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. पण लहान मुलाला चालायला लागल्यापासून टणक बुटात कोंबू नये, हे पालकसभेत सांगण्याइतकं तरी ते नक्कीच आहे.

आज पहिल्यांदा पळायला लावलं. निम्म्या मुलांनी डोळे मिटायचे आणि नुसतं ऐकायचं. बुटातली मुलं: थप्, थप्. पट्ट्यावरची: जवळजवळ काहीच नाही, फक्त मातीची सरसर. ओंकार म्हणाला, "मॅडम, बूट काढल्यावर टाच आपोआप उचलली जाते." हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० साली हेच मोजून दाखवलं होतं. अनवाणी पळायची सवय असलेले केनियातले धावपटू बहुधा चवड्यावर उतरतात, आणि टाच आपटण्याचा तो पहिला झटका बसत नाही. बुटाच्या टाचेखाली जाड फोम असतो, तो झटका लागू देत नाही, म्हणून माणूस बिनधास्त टाचेवर उतरतो.

पण हा काही निसर्गाचा कायदा नाही. २०१३ साली उत्तर केनियातल्याच दासनाच लोकांचा अभ्यास आला. तेही जन्मभर अनवाणी, आणि सावकाश पळताना त्यातले बहुतेक टाचेवरच उतरत होते. म्हणून मुलांना मी 'चवड्यावर पळा' असं सांगत नाही. 'आवाज कमी करा' एवढंच सांगते. बाकीचं पाय बघून घेतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ही नोंद माझ्या चुकीची आहे आणि ती सविस्तर लिहिणं गरजेचं आहे.

मुलांना पाच मिनिटांचा नियम लावला आणि स्वतः मात्र गेल्या रविवारी गंगापूर रोडच्या बाजूला सकाळी चार किलोमीटर अनवाणी पळाले. हवा गार, रस्ता रिकामा, पाय हलके. इतकं छान वाटत होतं की थांबावंसं वाटलं नाही. सोमवारी दोन्ही पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, जिना उलटं उतरावं लागलं. आज पोटऱ्या सुटल्यात, पण उजव्या पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, एका जागी बोटानं दाबलं की कळ येते. सूज थोडीच आहे.

डॉक्टरीण बाईंनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "हाडाला ताण आलाय. एक्सरे आज काढला तरी तडा असेल तर दिसेलच असं नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. तोवर पळणं बंद." पळताना दर पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. वीस वर्षं बुटाच्या टाचेनं जो वाटून घेतला, तो मी एका सकाळी पोटरीवर आणि चवड्यावर टाकला. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाला त्याहून जास्त वेळ लागतो. तळवा तर आधीच 'बरं वाटतंय' म्हणून सांगत असतो. २०१३ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात नेहमीच्या बुटांतून पातळ, पाच बोटांच्या बुटांकडे वळलेल्या १९ धावपटूंपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत दहा आठवड्यांत सूज दिसली होती, आणि त्यांनी तर टप्प्याटप्प्यानं वाढवलं होतं. मी टप्पे घेतलेच नाहीत.

वहीत लाल शाईनं: पळणं अनवाणी वाढवायचं ते मिनिटांत, किलोमीटरमध्ये नाही. आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या दिवशी पोटरी दुखत असेल तर त्या दिवशी बूट.

१५ फेब्रुवारी, शनिवार

साक्षीच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. पट्ट्यावर नाही, पट्ट्याकडे येताना. सुईनं निघाला, साबणानं धुतलं. सगळ्यांची लसीची कार्डं मागवली. धनुर्वाताचा डोस दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी असतो, सहा जणांचा दहाव्याचा राहिलेला निघाला. आरोग्य केंद्रात पाठवते आहे. पट्ट्यापर्यंत चपला घालूनच यायचं, हा नियम वाढवला. भिंतीपलीकडून कुत्री येतात, तिकडे जाळी लावायची. ओल्या घाणेरड्या मातीतून आकडीकृमी (हुकवर्म) तळव्याच्या कातडीतून आत शिरतो, म्हणून हे काम लांबवायचं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ही नोंद शाळेची नाही, तरी याच वहीत लिहिते आहे.

अण्णा, माझे वडील, ७१ वर्षांचे. मधुमेह अठरा वर्षांचा. परवा महाशिवरात्रीला पंचवटीत दर्शनाला गेले होते. दुपारची वेळ, रांग लांब, चपला बाहेर ठेवलेल्या, खाली सिमेंटचे ब्लॉक. घरी आले, जेवले, निजले. आज सकाळी त्यांचा मोजा धुवायला घेतला तर पुढचा भाग ओला लागला. मी म्हटलं, "अण्णा, पाय दाखवा बरं." डाव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड, फुटलेला. त्याच्या बाजूला दुसरा.

"अगं, मला तर काही दुखलं नाही," ते म्हणाले. अगदी सहज, जसं काही चांगलीच बातमी सांगताहेत.

मी गेले दोन महिने मुलांना सांगते आहे, पायाचं ऐका, पाय सांगतो. अण्णांचा पाय काही सांगतच नाही आणि घरात असून मला ते माहीत नव्हतं.

३ मार्च, सोमवार

डॉक्टरीण बाईंनी जखम बांधली, मग अण्णांना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक धागा काढला. तळव्यावर टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅमच्या जोरावर तो वाकतो. "कळलं की 'हो' म्हणा, काका." टाचेला हो. कमानीला हो. चवड्याला टेकवला, अण्णा शांत. अंगठ्याला टेकवला, शांत. धागा धनुष्यासारखा वाकलेला मला दिसत होता आणि अण्णा डोळे मिटून वाट बघत होते की बाई कधी सुरू करतात.

घट्ट्यांमुळे असेल, असं मला वाटलं. जन्मभर शेतात अनवाणी चाललेला पाय, कातडी जाड. पण तसं नसतं. लीबरमन यांच्याच गटानं २०१९ साली केनिया आणि बॉस्टनमधल्या लोकांचे घट्टे मोजले. चालून चालून आलेल्या जाड घट्ट्यानं पायाची जाण कमी होत नाही. कमी होते ती नस मेल्यानं. घट्टा आणि बधिरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाहेरून दोन्ही पाय सारखेच राठ दिसतात.

बाईंनी डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल सांगितलं. १९४६ साली ते वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करायला लागले. बोटं रोगानं गळून पडतात असंच तेव्हा सगळे समजत. ब्रँड यांच्या लक्षात आलं की दुखत नाही म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो, आणि पाय जातो तो त्यानं. त्या कामातूनच मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या, स्पंजासारख्या) रबराच्या चपला आपल्याकडे रुळल्या. अण्णांना तशीच चप्पल लिहून दिली, मागे पट्टा असलेली. घरातसुद्धा अनवाणी नाही. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून बघायचं. बुटात पाय घालायच्या आधी आत हात फिरवायचा.

अण्णांनी एकच विचारलं, "मग गडावर कसं जायचं?"

सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवाला ते बावीस वर्षं नाशिकहून पायी जातात. दिंडोरी, वणी, नांदुरी, सुमारे ६० किलोमीटर. अनवाणी.

१८ मार्च, मंगळवार

उन्हाचं मोजमाप. कोरोनाच्या वेळचं कपाळावर धरायचं यंत्र शाळेत होतं. ते डांबरावर धरलं तर नुसतं 'हाय' दाखवतं, तापाच्या पलीकडचं त्याला मोजता येत नाही. ओंकारचे वडील कारखान्यात भट्टीवर आहेत, त्यांनी त्यांचं यंत्र एक दिवस आणून दिलं. मुलांनी तासातासाला आकडे घेतले.

सकाळी साडेसातला सगळं २० ते २३ अंशांत. दहा वाजता पट्टा २९, मुरूम ३५, डांबर ३९. दुपारी एकला कडुनिंबाखालचा पट्टा ३४, उघडा मुरूम ४९, सिमेंटचे ब्लॉक ५३, गेटबाहेरचं डांबर ५८. ६० अंशांच्या पृष्ठभागाला कातडी टेकली तर काही सेकंदांत भाजते. ५० च्या आसपास काही मिनिटं पुरतात. मुलं अशा वेळी नाचत नाचत सावलीत पळतात. ज्याला कळत नाही तो रांगेत उभा राहतो.

सायलीनं तक्त्याच्या खाली आपल्या मनानं लिहिलं: 'हाताचा पंजा उलटा करून जमिनीवर दहा आकडे मोजेपर्यंत ठेवता आला तरच पाय ठेवायचा.' तोच नियम घेतला.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर अण्णांपाशी बसले. जखम भरली आहे, नवी कातडी गुलाबी आणि पातळ. म्हटलं, "अण्णा, यंदा एसटीनं जायचं आणि चप्पल घालून." ते बराच वेळ कडुनिंबाचं पान चघळत राहिले.

मग म्हणाले, "देवीनं कुठं सांगितलंय चप्पल काढ म्हणून. माझ्या आईनं सांगितलं होतं. ती अनवाणी जायची. तिच्याकडं चप्पलच नव्हती, बाई. मला पहिली चप्पल नववीत मिळाली." थोडं थांबून, "तिला मिळाली असती तर तिनं घातली असती का, कुणास ठाऊक."

"घातली असती," मी म्हटलं.

"हं," म्हणाले.

५ एप्रिल, शनिवार

सरांना लेखी दिलं. चार पानांचं आहे, इथे कामापुरतं.

उठाबशा, तोल सांभाळण्याचे व्यायाम, सूर्यनमस्कार, आसनं, मल्लखांब: अनवाणीच बरं. गुबगुबीत सोलवर उठाबशा काढताना घोटा डुगडुगतो, हे आम्ही मुलांचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पाहिलं. मातीवरचा खो-खो, कबड्डी: पट्ट्यावर किंवा चाळलेल्या मातीवर अनवाणी. मुरमावर धावणं, लांब पल्ल्याचा सराव, रस्त्यावरची प्रभातफेरी, डंबेल्स हाताळणं: बूट. पट्ट्यावरचं अनवाणी पळणं पहिल्या महिन्यात पाच मिनिटांच्या वर नाही. सकाळी नऊनंतर पट्टा बंद. ज्याच्या पायाला जखम आहे, ज्याला पायाचं कळत नाही, ज्याला मधुमेह आहे, मग ते मूल असो वा शिक्षक, त्यानं पट्ट्यावर यायचं नाही.

आणि सगळ्यांत वरचं कलम: बूट नाहीत म्हणून कुणालाही पायऱ्यांवर बसवायचं नाही.

त्यासाठी बूट-पेटी. ज्यांचे पाय मोठे झाले त्यांचे लहान झालेले बूट धुऊन, वाळवून, माप लिहून पेटीत. घ्यायचे नियम मुलांनीच ठरवले: उभं राहून पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. बूट वाकवला तर बोटांच्या रेषेत वाकला पाहिजे, मध्येच नाही. टाचेची एक बाजू झिजून तिरकी झाली असेल तर तो बूट पेटीत नको. नवा घ्यायचा असेल तर संध्याकाळी घ्या, दिवसभरानं पाय थोडा सुजलेला असतो. धावण्याच्या नेहमीच्या बुटांत टाच पुढच्या भागापेक्षा साधारण १० मिलिमीटर उंच असते; त्यातून एकदम सपाट बुटावर उडी मारू नका. हे शेवटचं कलम माझ्या हट्टानं घातलं आहे.

सर वाचून म्हणाले, "पेटीला कुलूप लावू नका. मागायला लागलं की मुलं घेत नाहीत." मला हे सुचलं नव्हतं.

११ एप्रिल, शुक्रवार

काल एसटीनं गडावर आलो, रात्री तिथेच मुक्काम. वाटेत वणीच्या पुढे रस्ताभर पदयात्री, डोक्यावर गाठोडी, खांद्यावर झेंडे, बहुतेक अनवाणी. चालणारे रात्री चालतात ते उगाच नाही, डांबर मध्यरात्रीनंतरच गार होतं. अण्णा खिडकीला नाक लावून ओळखीचे कुणी दिसतात का बघत होते.

पहाटे साडेचारला पायऱ्यांपाशी. पाचशेच्या आसपास पायऱ्या. चपला पायथ्याशी काढायच्याच होत्या, म्हणून बाईंनी सांगितल्याप्रमाणे नवे पांढरे सुती मोजे, पांढरे अशासाठी की रक्त आलं तर लगेच दिसावं. पहिल्या पायरीवर मी हाताचा पंजा उलटा ठेवून दहा मोजले. दगड गार होता. अण्णांनीही वाकून स्वतःचा हात ठेवला, तोच हात कपाळाला लावला आणि चढायला लागले. दर पन्नास पायऱ्यांना थांबून मी तळवे बघत होते. मागच्यांनी विचारलं, काय झालं, पाय मुरगळला का? अण्णाच सांगत होते, "नाही हो, पोरगी मास्तरीण आहे, पाय तपासते."

दर्शन झालं. खाली येऊन मोजे काढले. धूळ, फुलाची एक पाकळी. तळवे कोरडे, डावा अंगठा जसाच्या तसा. एमसीआरचा पट्टा त्यांनी स्वतःच लावला.

२१ एप्रिल, सोमवार

नव्या नियमाचा पहिला तास, सकाळी साडेसात. पायऱ्यांवर कुणी नाही.

वैष्णवीनं पेटीतून चार नंबरचा बूट घेतला, निळा, साक्षीच्या ताईचा. अंगठ्याची जागा तपासली, वाकवून बघितला, मग घातला. मुरमावर १०० मीटर दोनदा पळाली. पहिल्यांदा जड गेलं, तिला आणि बघणाऱ्या आम्हालाही. दुसऱ्यांदा बरं. मग पट्ट्यापाशी येऊन नाड्या सोडल्या, बूट भिंतीला टेकवून ठेवले आणि चाळीस मीटर पळाली. डोळे मिटून ऐकणारी मुलं म्हणाली, "मॅडम, ती सुटली का?" ती तोवर पोचली होती.

माझ्या पायाची कळ गेली आहे. पुढचा महिना पट्ट्यावर चालणंच.

जूनपूर्वीची कामं: मुरमाची एक खेप नको, गाळलेली माती हवी. चाळणीची जाळी फाटली आहे. कुत्र्यांच्या बाजूची जाळी दोन फूट वाढवायची. पेटीत तीन आणि चार नंबरचे बूट कमी पडताहेत. शिक्षकांपैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांची धाग्याची तपासणी शाळेतच करता येईल का, बाईंना विचारायचं.